फुकटची हवा

न्यू जर्सीत घर घेतलं की मागोमाग लॉन येतं, लॉनखाली स्प्रिंकलरच्या नळ्या येतात, आणि थंडीत त्या फुटू नयेत म्हणून ऑक्टोबरात आतलं पाणी हवेने फुंकून काढावं लागतं. एवढ्यासाठी मी कॉम्प्रेसर घेतला. वर्षातला एक दिवस तो काम करतो, बाकीचे दिवस गराजमध्ये माझ्या पायाच्या अंगठ्याची वाट बघत बसतो. त्याचे पैसे वसूल करायची संधी चार जुलैच्या पार्टीला आली.

पार्टीसाठी मी बिअरचा केग, म्हणजे नळ लावून प्यायचं पिंप, आणला. दुकानात त्याला ‘हाफ बॅरल’ म्हणतात, त्या ‘हाफ’ला मी फसलो. त्यात साडेअठ्ठावन्न लिटर बिअर मावते, म्हणजे सुमारे 165 ग्लास. भरलेल्या केगचं वजन 70 किलोच्या वर. आमचे पाहुणे वीस. त्यातले सहा ‘मला गाडी चालवायचीय’वाले, चार ‘शनिवारी घेत नाही’वाले आणि उरलेले ‘अर्धाच हं, अर्धाच’ म्हणत ग्लासवर हात ठेवणारे.

केगमध्ये दाब देऊन बिअर नळातून बाहेर काढायचा, केगबरोबर मिळालेला हातपंप डिकीतून काढताना माझ्या हातून पडला आणि मोडला. सरळमार्गी माणूस अशा वेळी कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर भाड्याने आणतो. पण घरात हवा फुकट असताना गॅस विकत आणायचा? शिवाय स्कॉटलंडच्या जुन्या पबांमध्ये नळाच्या पाण्यावर चालणाऱ्या यंत्राने हवा दाबून बिअर वर चढवत, हे मी कुठेतरी वाचलं होतं. बायकोला ते ऐकवलं. ती म्हणाली, “त्यांना सांगा की मग, येऊन जोडून द्या म्हणावं.”

केगला बारा-एक पीएसआय दाब पुरतो. माझ्या कॉम्प्रेसरचा काटा दीडशेच्या पुढे जाणारा. त्या तबकडीवर बारा म्हणजे शून्य आणि पहिली रेघ यांच्यामध्ये कुठेतरी, श्रद्धेने मानायची जागा. मी नॉब केसभर फिरवला. नळ उघडला. रिठे घुसळल्यासारखा फेस आला. गाडीत गदगदलेला केग, त्यात बर्फ कमी. पाच जग नुसता फेस भरला, तेव्हा सहाव्याच्या तळाशी दोन बोटं बिअर दिसली. टाळ्या पडल्या.

एका सांध्यातून हवा गळत होती. त्यामुळे टाकीतला दाब उतरला की मोटर आपोआप सुरू व्हायची. कोणी ग्रीन कार्डबद्दल हळवं होऊन बोलत असलं की नेमकं तेव्हाच डर्रर्रर्र! दर दहा मिनिटांनी अख्खी पार्टी सातारा रोडवरच्या पंक्चरवाल्याकडे जाऊन यायची.

एवढा वेळ सासरे खुर्चीत शांत बसून होते. एसटीच्या आगारात तीस वर्षं मेकॅनिक होते ते. उठले, चष्मा लावला, कॉम्प्रेसरभोवती एक फेरी मारली.

“जावईबापू, टाकीतलं पाणी काढलंत का?”

“कसलं पाणी?”

ते खाली वाकले आणि टाकीच्या बुडाचा कॉक फिरवला. फुस्स करून कटिंग चहाच्या रंगाचं पाणी गराजभर पसरलं. जुलैची दमट हवा दाबली की वाफेचं पाणी होतं आणि ते गंज धरून तळाशी बसतं, हे त्यांनी सगळ्यांना सावकाश समजावून सांगितलं. सगळ्यांनी आधी त्या पाण्याकडे बघितलं, मग आपापल्या ग्लासकडे. हवा वरच्या तोंडातून जाते, पाणी खालीच राहतं, तुमच्या ग्लासात गंज आलेला नाही, असं मी ओरडून सांगत होतो. तेवढ्यात डर्रर्रर्र. त्यानंतर सगळ्यांनाच गाडी चालवायची होती.

रात्री केग हलवून पाहिला. निम्मा भरलेला. म्हटलं, आठवडाभर रोज थोडी थोडी घेऊ.

रविवारी संध्याकाळी पहिला घोट घेतला. पावसात भिजलेला पुठ्ठा चघळावा तशी चव, आणि बुडबुड्यांचा पत्ता नाही. शेजारचा गोरा घरीच बिअर पाडतो. त्याला चव दाखवली. त्याने वास घेतला, कॉम्प्रेसरकडे बघितलं आणि मयताला आल्यासारखा चेहरा केला. हवेत 21 टक्के ऑक्सिजन, म्हणाला. तो बिअरमध्ये मुरला की ती शिळी होते. वर बिअरमधला कार्बन डायऑक्साइड निघून केगमधल्या मोकळ्या जागेतल्या हवेत जातो, म्हणून ती बसते. हवेवर लावलेला केग त्याच रात्री संपवायचा असतो.

“वीस जणांत?” त्याने विचारलं.

“मराठी वीस,” मी म्हटलं.

पंचवीस-तीस लिटर बिअर बादली-बादलीने लॉनवर ओतली. सकाळी तिथे आसपासच्या सगळ्या गोगलगायी जमल्या होत्या. माझ्या पार्टीत शेवटपर्यंत थांबलेल्या पाहुण्या त्याच.

ऑक्टोबरात स्प्रिंकलर फुंकायला कॉम्प्रेसर बाहेर काढला. होजच्या तोंडाला अजून आंबूस वास होता. मोबाइलवर साताऱ्याहून सासरे बघत होते.

“पाणी काढलंत का?”

मी फोनचा कॅमेरा हळूच झाडांकडे फिरवला. “बघा अप्पा, फॉल कलर्स.”