आचरण पुरेसे आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

प्रापंचिकांनी, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य ख्रिस्ती माणसांनी, आपल्या श्रद्धेविषयी मोकळेपणाने बोलावे, या माझ्या लेखावरील आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. आजच्या वातावरणात असे बोलणे म्हणजे धर्मांतराचा आरोप ओढवून घेणे होय, असे आपण लिहिता. ख्रिस्ती माणसाने नीट वागावे, शेजाऱ्याच्या अडीअडचणीला धावून जावे, तेवढी सुवार्ता (येशूचा शुभसंदेश) पुरे, असे आपले म्हणणे आहे. आपली काळजी निराधार नाही, परंतु तीतून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

‘सुवार्ता सांगा, गरज पडली तर शब्दही वापरा’ हे आपण असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावावर दिलेले वाक्य त्यांच्या लेखनात सापडत नाही. ते गावोगावी फिरून उपदेश करीत, आणि १२१९ मध्ये धर्मयुद्ध पेटलेले असताना निःशस्त्रपणे इजिप्तच्या सुलतानाच्या भेटीला गेले होते. पोप सहावे पॉल यांनीही १९७५ च्या आपल्या पत्रात आजचा माणूस उपदेशकापेक्षा साक्षीदाराचे अधिक ऐकतो असे म्हटले खरे, पण जीवनाची साक्ष कितीही उत्तम असली तरी येशूचे नाव आणि शिकवण सांगितल्यावाचून सुवार्ताप्रसार पुरा होत नाही, हेही त्याच पत्रात आहे. आपण फक्त पहिला अर्धा भाग घेतला आहे.

वसईत २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आपण कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. कुटुंबाच्या स्नेहापोटी आलेली हिंदू शेजारीण विचारते, ‘गेलेल्या माणसासाठी आता काय मागता हो?’ आणि आपल्यापैकी बहुतेकजण ‘आमची पद्धत आहे’ एवढे म्हणून विषय संपवतात. तिने मनापासून विचारलेले असते. पुनरुत्थानाची आशा दोन वाक्यांत तिला सांगितली, तर त्यात कोणती जबरदस्ती होते? विचारणाऱ्याला सौम्यतेने व आदराने उत्तर देण्यास सदैव तयार असा, असे बायबलमधील पेत्राच्या पहिल्या पत्रात सांगितलेच आहे.

राहिला आमिष दाखवून धर्मांतर करण्याच्या आरोपाचा प्रश्न. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६५ मध्ये सक्ती, फसवणूक आणि विशेषतः गरीब वा अशिक्षित माणसांवरील अनुचित दबाव स्पष्टपणे निषिद्ध ठरवला. प्रौढाला स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) हवा असेल तर त्याचा हेतू तपासला जातो, अनेक महिने, कित्येकदा वर्षाहून अधिक काळ तयारी चालते, आणि सामान्यतः पास्काच्या (ईस्टरच्या) आदल्या रात्रीच्या जागरण विधीत तो संस्कार होतो. इतिहासाचे ओझे मात्र मी झटकत नाही: पोर्तुगीज सत्तेने गोव्यात आणि आपल्या वसईतही धर्मासाठी राजदंड वापरला, आणि त्याचे समर्थन करण्याची माझी तयारी नाही. तरीही १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर राजाश्रय संपला, आणि तरी इथल्या ख्रिस्ती घरांत प्रार्थना चालूच राहिली. ती कोणाच्या धाकाने नव्हे, तर आईवडिलांनी मुलांना श्रद्धा सांगितली म्हणून. तेव्हा घराघरांत सगळेच गप्प बसले असते, तर आज आपण दोघे या विषयावर वाद घालत नसतो.

आजारी शेजाऱ्याला ‘तुमच्यासाठी प्रार्थना करू का?’ असे विचारणेही टाळावे का, असे आपण शेवटी विचारले आहे. माझ्या मते जरूर विचारावे. ते नको म्हणाले तर विषय तिथेच सोडून त्यांची औषधे आणून द्यावीत, आणि हो म्हणाले तरी औषधे आणून द्यावीतच.