शेठ मिळाला म्हणजे दवाखाना झाला?

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: "पूर्वी दानशूर शेठ होते म्हणून दवाखाने उभे राहिले. आज तालुक्याला हॉस्पिटल हवं असेल तर मोठा दाता गाठा. इमारत झाली की बाकी आपोआप होतं. गोरगरिबांच्या वर्गणीवर हॉस्पिटलं चालत नसतात."

तीन दावे, आणि तिन्ही घसरलेले.

आधी शेठजी. मुंबईचं जे.जे. हे अशा वेळी हमखास पुढे केलं जाणारं उदाहरण. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी लाख रुपये देऊ केले हे खरंच, आणि ते ऋण कोणी नाकारू नये. पण तेवढीच रक्कम सरकारने घालावी अशी बोली होती. 1845 मध्ये रुग्णालय उघडलं, त्याच साली ग्रँट मेडिकल कॉलेजही सुरू झालं. म्हणजे दान, सरकारी तिजोरी आणि डॉक्टर घडवायची सोय अशा तिन्ही गोष्टी जुळून आल्या. लोकांच्या लक्षात पहिलीच राहिली, कारण पाटीवर नाव दात्याचं असतं.

"इमारत झाली की आपोआप" हे लिहिणाऱ्याने दवाखान्याचं लाइट बिल कधी भरलेलं नसावं. इमारत एकदा बांधली की झालं. रात्रपाळीची सिस्टर, जनरेटरचं डिझेल, भूल देणारा डॉक्टर हे रोजचं असतं. रिबीन कापून झाल्यावर कुलूपच लागलेल्या इमारती आपण सगळ्यांनी पाहिल्यात. उलट जामखेड बघा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू केलं ते गुरांच्या जुन्या दवाखान्यात. त्यांनी गावोगावच्या बायका आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. त्यातल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, बाळंतपण अडतंय हे वेळेत कसं ओळखायचं, हे त्या शिकल्या.

गोरगरिबांच्या वर्गणीबद्दलच्या तिसऱ्या दाव्याचा मात्र मला रागच येतो. छत्तीसगडमधलं दल्ली राजहरा हे भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणारं खाणींचं गाव. तिथल्या कंत्राटी कामगारांची, शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालची संघटना होती. जून 1977 मध्ये पोलिसांच्या गोळीबारात 11 जण गेले. पुढे संघटनेची उपाध्यक्ष असलेली एक कामगार बाई बाळंतपणात दगावली, तेव्हा लोकांनी ठरवलं की दवाखाना आपणच काढायचा. आधी संघटनेच्या गॅरेजमध्ये पेशंट तपासायला सुरुवात झाली. मग 3 जून 1983 ला, गोळीबारात गेलेल्यांच्या आठवणीत, 15 खाटांचं शहीद हॉस्पिटल उघडलं, बांधकामात कामगारांचं श्रमदान होतं. उद्घाटनाला मंत्रीबिंत्री नाही; एक म्हातारा खाणकामगार आणि एक शेतकरी. डॉ. बिनायक सेन, आशीष कुंडू, शैबाल जाना यांच्यासारखे डॉक्टर येऊन राहिले, पण ड्रेसिंग करायला, औषधं द्यायला शिकली ती कामगारांच्याच घरातली माणसं. बाहेरच्या दात्यांपुढे हात पसरायचे नाहीत हे धोरण. 1991 मध्ये नियोगींची हत्या झाली. दवाखाना बंद पडला नाही, खाटा वाढतच गेल्या.

आणि वर्गणी म्हणजे रोकडच हवी असंही नाही. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालयही 15 खाटांवरच सुरू झालेलं. त्याने भोवतालच्या गावांत आरोग्यविमा काढला तो ज्वारीचा, डॉ. उल्हास जाजू यांनी तो चालवला. सुगीला घरटी ज्वारी गोळा करायची, ज्याची जमीन जास्त त्याने जास्त द्यायची. एवढ्या ज्वारीत मोठं रुग्णालय चालत नाही हे उघड आहे. सेवाग्रामला केंद्राचं आणि राज्याचं अनुदान मिळतं, आणि ते मिळायलाच हवं. पण म्हणून गावाने दिलेली पायली हिशेबात धरायचीच नाही, हा कुठला न्याय?