इंदूरच्या नावानं फिरणारा ‘सही करू नका’ मेसेज

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. सुरुवातच अशी: ‘मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात कुठल्याही कागदावर सही करू नका.’ पुढचे मुद्दे थोडक्यात असे. क्लिनिकल ट्रायल म्हणजे पेशंटला गिनिपिग करणं, आणि त्यात 2,644 माणसं मेल्याचं सरकारनंच कबूल केलंय. अर्ध्या लोकांना खोटं औषध देऊन मरायला सोडतात. कोणाला काय दिलं हे डॉक्टरलाही माहीत नसतं. एकदा सही केली की सुटका नाही, आणि मेलात तर घरच्यांना दमडी मिळत नाही. हे सगळं कंपन्यांसाठी चालतं आणि वाईट निकाल दडपले जातात. शेवटी ठसठशीत अक्षरांत: ‘हे आपल्या इंदुरातच घडलंय.’

मी डॉक्टर नाही. बँकेतून निवृत्त झालो आणि इथल्या एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे माणसांवर नवं औषध किंवा उपचार रीतसर तपासून बघणाऱ्या ट्रायलला आधी परवानगी देणाऱ्या समितीवर, सामान्य नागरिक म्हणून बसतो. अशी एक जागा कमिटीत ठेवावीच लागते. म्हणजे मी अगदीच तिऱ्हाईत नाही, तेव्हा माझं बोलणं हवं तर थोडी वजावट करून वाचा.

मेसेजचा सगळा जोर शेवटच्या ओळीवर आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. ती ओळ खरी आहे. महाराजा यशवंतराव रुग्णालयात, म्हणजे आपल्या एमवायमध्ये, सात वर्षांत 73 ट्रायल झाल्या, त्यांत 3,300 हून अधिक पेशंट होते आणि त्यांतली 1,833 लहान मुलं होती, हे आकडे 2012 साली जगभरच्या बातम्यांत आले. आपल्यावर किंवा आपल्या लेकरावर नवं औषध वापरून बघतायत हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही, असं कितीतरी घरांनी उघडपणे सांगितलं. याला कोणी ‘जुनी गोष्ट, सोडा आता’ म्हणत असेल, तर मी त्याच्या बाजूचा नाही.

पण मेसेज 2012 मध्येच थांबतो. त्याच वर्षी इंदूरचा स्वास्थ्य अधिकार मंच ही संघटना ट्रायलच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेली. जानेवारी 2013 मध्ये न्यायालयानं सरकारला चांगलंच फैलावर घेतलं, आणि काही आठवड्यांत नुकसानभरपाईचे नियम आले, एथिक्स कमिट्यांना नोंदणी सक्तीची झाली. वर्ष संपायच्या आत संमती घेतानाचं व्हिडिओ रेकॉर्डिंगही सुरू झालं. (ही व्हिडिओची अट 2015 मध्ये पुष्कळ सैल केली. मला ते आजही पटलेलं नाही.) मार्च 2019 मध्ये हे सगळं एकत्र करून नवे नियम लागू झाले. भांडून हक्क मिळवले इंदूरनं, आणि इंदूरकरांनाच सांगायचं की तो कागद हातातसुद्धा घेऊ नका. हे मला खटकतं.

आता 2,644. आकडा खरा आहे, अर्थ चुकीचा लावलाय. 2005 ते 2012 या काळात 475 नव्या औषधांच्या ट्रायलमध्ये भाग घेतलेल्यांपैकी इतके लोक त्या मुदतीत वारले. कॅन्सरचे, हृदय निकामी होत आलेले पेशंटही यात येतात. ते आजारानं गेले तरी मोजणी ‘ट्रायलमधला मृत्यू’ अशीच होते. औषधामुळे किंवा ट्रायलमुळे झाले असं ठरलेले मृत्यू 80. मात्र हा 80 चा आकडाही मी डोळे मिटून घेणार नाही, कारण तेव्हा हा निवाडा बराचसा ट्रायल करणाऱ्यांच्या आणि पैसे घालणाऱ्यांच्या हातात होता. आता गंभीर घटना कळल्यापासून 24 तासांत ट्रायल चालवणाऱ्या डॉक्टरला ती औषध नियंत्रकाला, एथिक्स कमिटीला आणि पैसे घालणाऱ्या प्रायोजकाला कळवावी लागते, आणि मृत्यूचं कारण वेगळी तज्ज्ञ समिती तपासते. तेव्हा ‘2,644 बळी’ म्हणणं चूक, आणि ‘फक्त 80’ म्हणून हात झटकणंही चूक.

‘अर्ध्यांना खोटं औषध देऊन मरायला सोडतात’ हा मुद्दा लोकांच्या मनात सगळ्यात खोल रुतलेला आहे. यात गृहीत असं धरलेलं असतं की नवं औषध मिळालं तो सुटला आणि नाही मिळालं तो बुडाला.

2021 चा एप्रिल आठवा. याच ग्रुपांवर तासातासाला ‘बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा तातडीनं हवा’ असे मेसेज यायचे. प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पातळ भाग; तो मिळावा म्हणून कोरोनातून बरे झालेल्यांना शोधून काढून लोक हातापाया पडत होते. गंमत अशी, गंमत तरी कशी म्हणू, की प्लाझ्माचं उत्तर त्याच्या सहा महिने आधी येऊन बसलं होतं. आयसीएमआरनं, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, देशभरातल्या 39 रुग्णालयांत 464 पेशंटांवर ट्रायल घेतली होती. 235 जणांना प्लाझ्मा दिला, 229 जणांना नेहमीचेच उपचार. 28 दिवसांत आजार गंभीर झाला किंवा पेशंट दगावला, अशी संख्या प्लाझ्मा मिळालेल्यांत 44 आणि न मिळालेल्यांत 41. फरक काहीच नाही. हा निकाल ऑक्टोबर 2020 मध्ये छापून आला. सरकारी उपचारपद्धतीतून प्लाझ्मा निघाला मे 2021 मध्ये. मधल्या काळात किती कुटुंबं रात्र रात्र फोन लावत बसली. त्या ट्रायलमध्ये ज्यांना ‘नुसतेच’ उपचार मिळाले, त्यांचं काय गेलं?

कधी कधी तर न मिळणंच वाचवतं. हार्ट अटॅकनंतर ठोके अनियमित पडू नयेत म्हणून अमेरिकेत काही गोळ्या सर्रास देत असत. तर्कही बिनतोड वाटायचा. 1989 मध्ये त्यांची रीतसर तुलना झाली, तेव्हा गोळ्या घेतलेल्या 730 पैकी 56 जण दगावले आणि नकली गोळी घेतलेल्या 725 पैकी 22. तुलना केली नसती तर त्या गोळ्या पुढेही तशाच दिल्या गेल्या असत्या, आणि कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

दुसरी गोष्ट, नकली गोळी म्हणजे उपचार बंद असं नव्हे. एखाद्या आजारावर सिद्ध झालेला इलाज असेल तर सहसा तो दोन्ही गटांना देतात आणि त्याच्यावर एका गटाला नवं औषध, दुसऱ्याला तसंच दिसणारं काहीतरी. ठरलेले नेहमीचे उपचार उपलब्ध असूनही दिले नाहीत आणि त्यानं पेशंटला इजा झाली, तर तीही भरपाईला पात्र धरावी, असं 2019 च्या नियमांत सरळ लिहिलंय. कमिटीत आमची सगळ्यात जास्त वादावादी याच पानावर होते: दुसऱ्या गटाला नेमकं काय मिळणार?

डॉक्टरलाही माहीत नसतं, हे बरोबर. मुद्दामच तसं ठेवतात. माहीत असलं की नव्या औषधवाल्याची जास्त विचारपूस होते, त्याचा ताप ‘किरकोळ’ लिहिला जातो. जीव धोक्यात आला तर गुपित फोडून कोणतं औषध चालू आहे ते तत्काळ बघण्याची सोय असते. या मुद्द्यात यापेक्षा जास्त काही नाही.

‘सही केली की सुटका नाही’ हे मात्र धादांत खोटं. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. माहितीपत्रक आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत पेशंटला द्यावीच लागते. वाचता येत नसेल तर तिऱ्हाईत साक्षीदार लागतो. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत, आणि मृत्यू झाला तर भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे: 8 लाख गुणिले वयाचा अंक, गुणिले आजाराच्या जोखमीचा अंक, भागिले 99.37. बँकेतली सवय म्हणून मांडूनच दाखवतो. चाळीस वर्षांच्या माणसाचा वयाचा अंक 184.17. जोखीम मध्यम असेल तर दुसरा अंक 2. उत्तर येतं सुमारे 29 लाख 65 हजार. आधीपासून अत्यवस्थ असलेल्या पेशंटसाठी रक्कम बरीच कमी होते, आणि कागदावरची रक्कम घरापर्यंत पोचायला पाठपुरावा लागतोच. पण ‘दमडी मिळत नाही’ वाचून ज्या घरानं अर्जच केला नाही, त्याला काय मिळणार?

कागद परिपूर्ण असतात असंही नाही. एकदा आमच्यासमोर आलेल्या माहितीपत्रकात ‘प्रवासखर्च बिल दाखवल्यावर मिळेल’ असं होतं. देपालपूर, सांवेरकडून मॅजिक गाडीत दाटीवाटीनं बसून येणारा माणूस बिल कुठून आणणार? डॉक्टर मंडळींच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. आम्ही अडून बसलो आणि प्रत्येक फेरीला ठरावीक रक्कम असं करून घेतलं. कमिटीत किमान सात सदस्य, निम्मे तरी संस्थेबाहेरचे आणि अध्यक्षही बाहेरचाच, हे असल्याच कामासाठी.

‘सगळं कंपन्यांसाठी.’ पुष्कळसं असतं. दर पेशंटमागे डॉक्टरला पैसे मिळतात हेही खरं. तो करार औषध नियंत्रकाकडे द्यावा लागतो. पण ‘सगळं’ हा शब्द टिकत नाही. गुटखा-तंबाखूपायी तोंडाचा कॅन्सर झालेली माणसं आपल्याकडे ओळखीपाळखीत निघतात, म्हणून उदाहरणं तिथलीच देतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये एक साधा प्रश्न घेतला होता: तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला आणि मानेत गाठ हाताला लागत नसेल, तर मानेतल्या ग्रंथी त्याच ऑपरेशनमध्ये काढाव्यात की गाठ आल्यावर बघावं? जगभरचे सर्जन वर्षानुवर्षं यावर वाद घालत होते. 500 पेशंटांचा निकाल 2015 मध्ये आला: तीन वर्षांनी आधीच ग्रंथी काढलेले 80 टक्के हयात, थांबलेले 67.5 टक्के. यात कुठल्या कंपनीचं कुठलं औषध आहे?

तिथलीच दुसरी ट्रायल 2022 ची. निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारं औषध पूर्ण डोसमध्ये आपल्यातल्या बहुतेकांना परवडणारं नाही. डोके-मानेच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये त्यांनी ते दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, स्वस्त गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिलं. वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेलं. पेशंट 151 च होते, तेव्हा हुरळून जाऊ नये. पण आपलंच औषध दहाव्या हिश्श्यानं विकलं जावं म्हणून कंपनी ट्रायल काढत नसते. असले प्रश्न मेडिकल कॉलेजं आणि सरकारी संस्थाच हाती घेतात, आणि मेसेज नेमकं त्यांच्याच दारातून परत फिरायला सांगतोय.

राहिला निकाल दडपण्याचा आरोप. इथे मेसेजवाल्याला मी पूर्ण मार्क देतो. नैराश्यावरच्या औषधांच्या, अमेरिकी नियामकाकडे नोंद असलेल्या 74 ट्रायल काही संशोधकांनी 2008 मध्ये तपासल्या. औषधाच्या बाजूनं गेलेल्या 38 पैकी 37 छापून आल्या होत्या. बाकीच्या 36 पैकी 22 छापल्याच नव्हत्या, आणि 11 अशा काही मांडल्या होत्या की औषध चांगलंच वाटावं. याला बदमाशी नाही तर काय म्हणायचं? त्यावर इलाज म्हणजे ट्रायल सुरू होण्याआधीच तिची जाहीर नोंद, म्हणजे नंतर ‘आम्ही असं काही केलंच नव्हतं’ म्हणता येत नाही. भारतात ही नोंदवही, सीटीआरआय, 2007 पासून आहे. जून 2009 पासून औषधांच्या ट्रायलना ती सक्तीची आहे, आणि एप्रिल 2018 पासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंद लागते. मोबाइलवर फुकट बघता येते.

मेसेजमध्ये एक खरी धोक्याची गोष्ट नाहीच, आणि कागद पुढे आला की पेशंटची गफलत बहुतेक वेळा तिथेच होते. ट्रायल म्हणजे खास उपचार, मोठ्या डॉक्टरनं आपल्याला निवडलं, असं त्याला वाटतं. तसं नसतं. तुम्हाला फायदा होईलच असं कोणीही सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याच्याकडे सही करू नये. ‘मी नाही म्हणालो तर माझ्यावर काय उपचार कराल?’ हा प्रश्न डॉक्टरला आधी विचारा. सीटीआरआयचा नंबर मागून घ्या, कागद घरी न्या, पोरांना वाचायला द्या. माहितीपत्रकावर एथिक्स कमिटीच्या माणसाचं नाव आणि फोन असतो. तो डॉक्टरला न विचारता लावता येतो. आमच्याकडे तो फोन फारसा वाजत नाही.