सुईचं ऑटोमॅटिक

रविवारी सकाळी बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत एरंडेलाचा वास सुटला, की समोरच्या काकू खिडकीतून विचारतात, "आज कुणाचं पोट बिघडलंय रे?"

बिघडलेलं असतं ते माझ्या रिमोटवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरचं. स्कूटरवर मागे बसलेल्या भाच्याच्या मांडीवर कसंबसं मावेल एवढंच ते. इंजिन 8.2 सीसीचं. त्याला पेट्रोल चालत नाही. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल असं पंचपक्वान्न लागतं, आणि माझ्या मिश्रणात त्या तेलात एरंडेल असतं. ठिणगीचा प्लगही नाही. प्लॅटिनमयुक्त तारेचा ग्लो प्लग असतो. तार एकदा बॅटरीने लाल केली, की पुढे मिथेनॉलच्या संगतीत आपली आपणच तापलेली राहते. आमच्या घरातल्या काही मंडळींसारखी. नावं घेत नाही.

खरं दुखणं सुईचं. हवेत इंधन किती मिसळायचं ते कार्ब्युरेटरची सुई ठरवते. एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला साधारण 14.7 ग्रॅम हवा लागते, मिथेनॉलला 6.4 ग्रॅममध्येच भागतं. म्हणजे तेवढ्याच हवेत हे इंजिन दुपटीहून जास्त इंधन गिळतं, आणि टाकी आठ-दहा मिनिटांत चाटूनपुसून साफ. सुई जास्त उघडली की धूर आणि गुरगुर. जास्त आवळली की पहिली दोन मिनिटं असा खणखणीत आवाज येतो की माणूस मिशीला पीळ देतो. मग इंजिन तापतं आणि हवेतच गप्प होतं. त्यात आमचं बेळगाव साडेसातशे मीटर उंचावर. सकाळी धुकं, अकराला ऊन, चारला खानापूरकडून काळे ढग. सकाळची सुई दुपारी चालत नाही.

एका रविवारी शिवाराकडे जाताना डोक्यात प्रकाश पडला. ज्या स्कूटरवरून हे धूड नेतोय, तिचं मिश्रण कोण बघतं? कुणीच नाही! 2020 साली धुराचा बीएस-6 नियम आला, तेव्हापासून सायलेन्सरकडचा ऑक्सिजन सेन्सर धूर हुंगतो आणि संगणक इंधन कमीजास्त करतो. मग हेलिकॉप्टरनेच काय घोडं मारलंय? तो सेन्सर इथे लावता येत नाही, कारण धुरातलं तेल त्याच्यावर बसून त्याचं नाक चोंदतं. म्हणून मी तापमान मोजायचं ठरवलं. इंजिनच्या डोक्याला सेन्सर, सुईला छोटा सर्व्हो, म्हणजे सांगू तेवढीच फिरणारी मोटर, मध्ये आगपेटीएवढा संगणक. तापलं की सुई उघड, निवलं की आवळ. तीन रविवार आणि घरातली शांतता त्यात खर्ची पडली.

येळ्ळूरच्या बाजूला भातकापणी झालेल्या शिवारात प्रयोग ठेवला. मामांनाही बोलावलं. मामांचा जन्म उद्यमबागेतल्या फाउंड्रीत गेलेला. वितळलेल्या लोखंडाचा रंग बघून ते ताप सांगतात. "मामा, आता सुईला हात लावायचा नाही, सगळं आपोआप," मी म्हणालो. मामांनी नुसती तंबाखू मळली.

हेलिकॉप्टर उचललं. इंजिन तापलं, सर्व्होने सुई उघडली. पण धातू काही लगेच निवत नाही. सेन्सरला वाटलं, अजून गरमच आहे, आणखी उघड! धुराचा लोट निघाला. मग एकदम निवलं, आवळ, आवळ! आमटी खारट झाली म्हणून पाणी, पाणचट झाली म्हणून मीठ, असा कार्यक्रम हवेत सुरू झाला. इंजिन हूंऽऽ करून चढायचं आणि खर्रर्र करून बसायचं. चौथ्या हूंऽऽला ते बंदच पडलं.

अशा वेळी पात्यांचा कोन उलटा करून खाली येताना त्यांची फिरकी राखायची आणि जमिनीलगत ती वापरून अलगद टेकायचं असतं. याला ऑटोरोटेशन म्हणतात. माझं ऑटोरोटेशन बांधावरच्या शेणखताच्या ढिगात संपलं. मऊ लागलं, म्हणून पाती वाचली.

बांधावर बसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने शांतपणे विचारलं, "आपोआप म्हणजे आपोआप पडतंय होय गा?"

भाचा इतका हसला की त्याला परत स्कूटरवर घेऊ नये असं वाटलं.

मामांनी पंच्याने इंजिन पुसलं, सर्व्होची कडी काढली, आणि सुई आपल्या अंदाजाने लावून इंजिन चालू केलं. थोडं पळवून बंद केलं आणि मागच्या झाकणावर बोट टेकवलं. "एक... दोन... तीन... चार... पाच. बोट टिकलं. घे, उडव."

उडालं. टाकी संपेपर्यंत उडालं. मामा फाउंड्रीच्या पाळीला निघून गेले.

तेवढ्यात पश्चिमेकडून ढग आले, गार वारा सुटला. सुई पुन्हा चुकली. आवाज ऐकून मी ती दोन खटके आवळली, इंजिन पळवलं, बंद केलं आणि मामांसारखं बोट टेकवलं. दोनपर्यंतच मोजता आलं.

भाच्याने पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाला, "मामा, डाव्या हाताचं बोट आहे की अजून."