सहा इंचाखालचा चाकू खिशात ठेवला तर काही होत नाही? होतं. मुद्दे बघा

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय, ट्रेकच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, कॉलेजच्या पोरांमध्ये तर खूपच. मजकूर साधारण असा, की भारतात सहा इंचापेक्षा लहान पात्याचा चाकू जवळ ठेवायला लायसन्स लागत नाही, ऑनलाइन मिळतो म्हणजे लीगलच आहे, स्वसंरक्षण हा आपला हक्क आहे, शिखांना कृपाण चालतं मग आपल्याला का नाही, आणि पकडलं तरी दंड भरून सोडतात. खाली बटण दाबलं की पातं बाहेर येतं तसल्या फोल्डिंग चाकूचा फोटो आणि ऑर्डरची लिंक. मी फौजदारी कोर्टात वकिली करते, आणि असल्या केसमध्ये समोर उभी असलेली पोरं बहुतेक एकोणीस-वीस वर्षांची असतात, मागे आई पदर तोंडाला लावून बसलेली असते, म्हणून हे नीट लिहितेय.

पहिलं म्हणजे सहा इंच. हा आकडा आर्म्स ॲक्टमध्ये, म्हणजे शस्त्र कायद्यात नाही आणि त्याच्या नियमांतही नाही. कायदा १९५९ चा, नियम आधी १९६२ चे होते, आता २०१६ चे आहेत, आणि त्यात शस्त्रांच्या यादीत आकडा आहे तो पातं ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद असा. त्यातून घरकाम, शेती, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेली अवजारं वगळलीयेत. सहा इंचाची गोष्ट बरीच जुनी आहे, जानेवारी २०१३ मध्ये दिल्लीच्या त्या भयंकर निर्भया घटनेनंतर शिवसेनेने मुंबईत महिलांना छोटे चाकू वाटले होते तेव्हाही इंचांची चर्चा झालीच होती. पण मुळात ९ इंचाच्या आत आहे म्हणून सगळं माफ, असंही नाही.

कारण चाकूचा प्रकार पण बघितला जातो. दिल्लीचं उदाहरण घ्या. तिथे १९८० ची अधिसूचना आहे, स्प्रिंगचे, गरारीचे (दातेरी चाकावर उघडणारे), बटणाचे किंवा कुठल्याही यांत्रिक युक्तीने उघडणारे-मिटणारे चाकू, ज्यांचं पातं ७.६२ सेंटीमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटीमीटर किंवा जास्त रुंद आहे, त्यांच्यावर बंदी घालणारी. ७.६२ सेंटीमीटर म्हणजे फक्त ३ इंच! मेसेजमधला फोटोतला चाकू डोळ्यांना तरी याच्यात बसणारा दिसतो. आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी पण अर्धंच सांगितल्यासारखं होईल. सुप्रीम कोर्टाने दिल्लीची अशी एक बटणदार चाकूची केस रद्द केलीये, कारण अधिसूचनेतली बंदी बनवणं, विकणं, विक्रीसाठी किंवा चाचणीसाठी बाळगणं यावर आहे आणि चार्जशीटमध्ये तसा आरोपच नव्हता. म्हणजे मुलगा सुटला, बरोबर. पण सुटायला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, हे मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

आता आपल्या महाराष्ट्राचं, आणि खरी गोम इथेच आहे. पेपरात रोज वाचता ना, "आर्म ॲक्ट ४(२५), महाराष्ट्र पोलीस अधिनियम ३७(१) सह १३५ प्रमाणे गुन्हा दाखल", त्यातला हा दुसरा भाग लोक वाचतच नाहीत. १९५१ च्या या अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी मनाई आदेश काढू शकतात, आणि त्यात शस्त्रं, तलवारी, भाले, चाकू, काठ्या, लाठ्या आणि शारीरिक इजा करायला वापरता येईल अशी कुठलीही वस्तू बरोबर नेण्यावर बंदी घालता येते. इंच-सेंटीमीटर काही नाही. बटण आहे की नाही तेही नाही. सण आले, निवडणूक आली, आंदोलन आलं, की पंधरा-पंधरा दिवसांचे आदेश निघतात आणि मोठ्या शहरांत ते एकामागून एक निघत राहतात, त्यामुळे नाकाबंदीत गाडीची डिकी उघडली तेव्हा आदेश लागू नव्हता अशी वेळ पुण्या-मुंबई-ठाण्यात क्वचितच सापडते. पुण्यातल्या कोयत्यांचं बघा. कोयता म्हणजे उसाच्या, नारळाच्या कामाचं अवजार, आर्म्स ॲक्टच्या व्याख्येत निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या अवजारांना सूट आहे, पण रात्री दोन वाजता दोघं जण बाईकवर कोयता घेऊन फिरत असतील तर ३७(१) चा आदेश त्यांना लागू होतोच. आणि त्या वस्तू जप्त होऊन सरकारजमा होतात, परत मिळत नाहीत.

मग ट्रेकला चाकू न्यायचाच नाही का, असं विचाराल. कारण खरं असेल आणि ते बघणाऱ्याला पटेल असं असेल तर फरक पडतो. सॅकच्या तळाशी, भाजी कापायच्या बोर्डाबरोबर, शिध्याच्या पिशवीत गुंडाळलेला साधा फळं कापायचा चाकू आणि जीन्सच्या खिशात क्लिप लावून ठेवलेला बटणाचा चाकू या दोन गोष्टी हवालदारालाही वेगळ्या दिसतात आणि मॅजिस्ट्रेटलाही. पण आदेश असताना ही हमी नाही, एवढं ध्यानात ठेवा.

"ऑनलाइन मिळतो म्हणजे लीगल." नाही हो. वेबसाइटवर दिसणं ही सरकारची परवानगी नाही. २०२२ मध्ये पुण्यात, औरंगाबादमध्ये कुरिअरने आलेल्या तलवारी पोलिसांनी पकडल्या होत्या, त्या कोणीतरी मागवल्याच होत्या ना. पार्सलवर नाव, पत्ता, मोबाईल नंबर सगळं तुमचं असतं.

स्वसंरक्षणाचा हक्क खरा आहे, आधी भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ मध्ये आहे. पण तो हल्ला झाला किंवा होण्याची खरी भीती उभी राहिली त्या क्षणी तुम्ही काय केलं त्याच्याबद्दल आहे. रोज खिशात हत्यार घेऊन फिरायचा परवाना तो देत नाही. उलट "सेल्फ डिफेन्ससाठी ठेवला होता" असं पोरं पोलिसांना सांगतात तेव्हा ते स्वतःच कबूल करतात की हा चाकू सफरचंद कापायला नाही, माणसावर चालवायलाच ठेवला होता.

कृपाणाबद्दल एका ओळीत, संविधानाच्या कलम २५ च्या स्पष्टीकरणातच कृपाण धारण करणं हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग मानलाय, ते संरक्षण बाकी कोणाच्या चाकूला मिळत नाही.

आणि शेवटचं, "दंड भरून सोडतात", हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. कलम १३५ प्रमाणे ३७(१) चा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, आणि लेखी कारण नोंदवल्याशिवाय चार महिन्यांपेक्षा कमी नाही, वर दंड. आर्म्स ॲक्टचं कलम ४ (अधिसूचनेने ठरवलेल्या भागात ठरावीक शस्त्रं लायसन्सशिवाय बाळगण्याबद्दलचं) लागलं तर २५(१ब) खाली एक ते तीन वर्षं आणि दंड, आणि या कायद्याखालचे गुन्हे दखलपात्र आहेत म्हणजे वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. कलम ४ लागायला त्या भागासाठी केंद्राची अधिसूचना लागते आणि ती कोर्टापुढे आली नाही तर त्या कलमातून सुटकाही होते, पण ते ठरतं खटल्यात, तोपर्यंत तारखा चालू. आता यात कोणीतरी कंटाळून सांगतं की गुन्हा कबूल कर, थोडा दंड होईल, मोकळा होशील. तो मोकळा होत नाही! कबुली म्हणजे दोषसिद्धी. पोलीस भरतीचा फॉर्म, सरकारी नोकरीचं चारित्र्य पडताळणी, परदेशी व्हिसा, सगळीकडे ती लिहावी लागते, आणि लपवली तर ते आणखी महागात पडतं. नुसती केस पेंडिंग असली तरी पासपोर्ट अडतो, कोर्टाची परवानगी आणावी लागते.

त्यामुळे कुणाच्या घरात हे झालंच असेल तर पंचनाम्याची प्रत आधी घ्या आणि माप बघा, कारण कधीकधी मुठीसकट पूर्ण लांबी लिहिलेली असते आणि कायद्याला पात्याची लांबी-रुंदी लागते. जप्तीच्या तारखेला ३७(१) चा आदेश कुठल्या हद्दीत, किती तारखेपर्यंत होता ते मागून घ्या. मुलगा २१ च्या आतला असेल तर १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडण्याच्या) कायद्याचा फायदा मिळेल का हे वकिलाला विचारा, आणि ते विचारल्याशिवाय कबुलीच्या कागदावर सही करू देऊ नका.