बोळकं कणीस

घरच्या बागेतलं स्वीटकॉर्नचं पहिलं कणीस सोललं की आत बहुधा बोळकं हसत असतं. इथे दोन दाणे, तिथे चार, मधे नुसती हिरडी. आपण लगेच खताला बोल लावतो. खत बिचारं निर्दोष असतं. गुन्हा घडलेला असतो लावणीच्या दिवशीच, कुंपणालगत मक्याची एकच देखणी रांग लावली तेव्हा.

मक्याचा पराग देणारा तुरा डोक्यावर आणि कणीस कमरेला. कणसाच्या टोकातून लोंबणारा एकेक केस आत एकेका होऊ घातलेल्या दाण्याला जोडलेला असतो. केसावर पराग पडला तर दाणा, नाही तर हिरडी. हा सगळा कारभार वाऱ्याच्या हाती, आणि वारा एका रांगेचा पराग खुशाल शेजाऱ्याच्या अंगणात नेऊन टाकतो. म्हणून चौकोनच हवा. निदान चार ओळी, ओळीत चार झाडं. झाडांत 25-30 सेंमी, ओळींत 60-75. एवढी जागा नसेल तर सकाळी दव सुकल्यावर तुरा कागदावर झटकायचा आणि ती पिवळी भुकटी केसांवर भुरभुरायची. असं चार-पाच दिवस. बघणारे काय म्हणतील याचा विचार दुपारी करावा.

बी सुरकुतलेलं निघालं म्हणून दुकानदाराशी भांडू नका, ते तसंच असतं. पिठाचा साठा तुटपुंजा, त्यामुळे थंड, चिंब मातीत ते उगवण्याऐवजी कुजतं. माती 18 अंशांच्या वर गेली की 2-3 सेंमी खोल, एका जागी दोन बिया टोकायच्या. नंतर त्यातलं अशक्त रोप कापायचं. उपटलं तर जोडीदाराच्या मुळांना धक्का बसतो.

मका खादाड आहे. शेणखत आधी, गुडघ्याएवढा झाला की नत्र, तुरा डोकावताना पुन्हा नत्र. केस बाहेर पडल्यावर मात्र पाण्याचा एक दिवसही चुकवू नये. बुंध्याशी येणारे फुटवे खुडायची हुक्की अनेकांना येते. खुडून कणीस काही मोठं होत नाही, हाताला चाळा तेवढा मिळतो.

पान उलगडल्यावर त्यावर आडव्या रांगेत सारखी भोकं दिसली, तर पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, डोकवा. ओल्या भुशासारखी घाण असेल तर लष्करी अळी मुक्कामाला आहे. पान गुंडाळलेलं असताना तिने एकदाच आरपार चावा घेतला, म्हणून ती नक्षी. हाताने वेचणं हाच घरगुती उपाय. किळस येते, पण मोजक्या झाडांना पुरतो.

आता परीक्षा. केस आल्यावर साधारण 20 दिवसांनी ते तपकिरी होऊन सुकतात, सोपटं मात्र हिरवंच राहतं. दाण्यात नख खुपसायचं. पाणी आलं तर थांबा. दूध आलं तर आजच. खळ आली तर कोंबड्या पाळा. पण रोज सोलून बघायची खाज आवरा, उघडं टोक म्हणजे किड्यांना आणि पाखरांना आमंत्रण. वरूनच चाचपावं, टोक बोथट लागलं तर आत दाणे भरलेत.

एका दिवशी लावलेली सोळा झाडं एकाच आठवड्यात तयार होतात, आणि तोडल्या क्षणापासून साखरेचं पिष्ट व्हायला लागतं. तेव्हा आधी पातेल्यात पाणी उकळत ठेवा, मगच बागेत जा.