कारखान्यात कल्पकतेची प्रतिष्ठापना

आपल्या कारखान्यातील कामगारांनी कल्पक व्हावे, असे तुम्हाला अलीकडे तीव्रतेने वाटू लागले असेल, तर सर्वप्रथम भिंतींना रंग द्यावा. प्रत्यक्ष काम चालते त्या शॉपफ्लोअरच्या भिंतींना नव्हे. तिकडे पाहुणे फारसे फिरकत नाहीत. प्रवेशद्वारापासून कॉन्फरन्स रूमपर्यंतचा पट्टा नारिंगी करावा, दोन-तीन बीन बॅग टाकाव्यात आणि ‘चौकटीबाहेर विचार करा’ असा फलक लावावा. कामगाराने मात्र जमिनीवर पिवळ्या पट्ट्यांनी आखलेल्या चौकटीतच पाळीभर उभे राहावे. सेफ्टीचा नियम आहे.

परदेशी उदाहरणांचा अभ्यास अवश्य करावा, पण तो निवडक असावा. जर्मनीतील लाइपझिगमध्ये वास्तुविशारद झाहा हदीद यांनी आराखडा केलेल्या बीएमडब्ल्यूच्या इमारतीत गाड्यांचे सांगाडे कचेरीतील टेबलांच्या वरून सरकत जातात. त्याचे छायाचित्र सादरीकरणाच्या पहिल्या स्लाइडवर शोभून दिसेल. स्वीडनमधील कालमार येथे व्होल्वोने १९७४ साली सुरू केलेल्या कारखान्यात तर सलग धावणाऱ्या असेंब्ली लाइनऐवजी बॅटरीवर चालणारे सुटे वाहक आणले, गाडीचा एकेक भाग एकेका गटाकडे सोपवून आपापसांत काम वाटून घेण्याची मुभा दिली आणि कामगाराला मान वर करून गाडीखाली राबावे लागू नये म्हणून गाडीच कुशीवर वळवण्याची सोय केली. गटांना कॉफी प्यायला स्वतंत्र जागाही होती. यातली कॉफीची जागा तेवढी उचलावी. बाकीच्या गोष्टींचे कोणी नाव काढलेच, तर तो कारखाना १९९४ साली बंद झाला, एवढे सांगावे. तो बंद करायचे ठरले तेव्हा कंपनी तोट्यातून जात होती, हा तपशील स्वतःहून पुरवू नये.

टोयोटाच्या लाइनवर दोष दिसताच कामगार दोरी ओढून सुपरवायझरला बोलावतो आणि दोष वेळेत निघाला नाही तर लाइन थांबते. दोरी आपणही लावावी, चांगली जाड लावावी, आणि ती ओढणाऱ्याकडून लाइन का थांबवली याचा लेखी खुलासा त्याच पाळीत घ्यावा. दोष आपोआप कमी होतील. निदान नोंदवहीत तरी.

मुक्त चर्चेचा कोपरा कॉम्प्रेसरच्या शेजारी असावा. एक तर तीच जागा रिकामी असते, आणि ८५ डेसिबलच्या पुढे मतभेद ऐकू येत नाहीत.

कल्पकतेचा खरा धोका रात्रपाळीत संभवतो. स्क्रूच्या बिनमध्ये, म्हणजे उघड्या खोक्यात, दर वेळी खोल हात घालावा लागू नये म्हणून एखादा कामगार बिनच्या मागच्या कडेखाली प्लायवूडचा तुकडा सरकवतो, बिन पुढे कलते आणि स्क्रू हाताशी येतात. या तुकड्याला ड्रॉइंग नाही, पार्ट नंबर नाही, कोणाची सही तर नाहीच. ऑडिटच्या आदल्या दिवशी तो जप्त करून कामगाराला समज द्यावी. पुढे पाठदुखीच्या रजा वाढल्या, तर बाहेरून एर्गोनॉमिक्सचा, म्हणजे काम शरीराला सोयीचे करण्याच्या शास्त्राचा, सल्लागार बोलवावा. बिन पुढे कलते ठेवावे, अशी शिफारस तो यथावकाश चकचकीत अहवालातून करील. ती तत्काळ मंजूर करून, रीतसर पार्ट नंबर देऊन, पोलादी स्टँड मागवावेत आणि उद्घाटनाच्या वेळी कात्रीचे तबक धरायला त्याच कामगाराला उभे करावे.